वाळलेला ग्लू काढताना लाकूड वाचवा

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: सांध्यात वाळून बसलेला ग्लू. कुणाची खुर्ची डुगडुगते, कुणाचा ड्रॉवर वाकडा चिकटलाय, कुणाच्या पॉलिशमध्ये फिकट डाग उमटलेत. म्हणून या अंकात दुसरे विषय घेतलेले नाहीत. मी जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करते. माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेकांचं लाकूड ठणठणीत असतं, आधीच्या दुरुस्तीत ओतलेला ग्लू तेवढा आडवा येतो. तो काढताना लोक लाकूडच खरवडून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. ग्लू पुन्हा आणता येतो. सांध्याचं मूळ माप एकदा गेलं की परत आणायला कितीतरी पट मेहनत पडते.

प्रश्न: खुर्चीच्या मागच्या पायातून आडवी पट्टी निसटली आहे. पट्टीच्या टोकाच्या टेनॉनवर, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या जिभेवर, पांढरट-पिवळसर कडक थर आहे, पायातल्या खोबणीतही तसाच आहे. याआधी दोन वेळा त्यावरच फेव्हिकॉल भरून पट्टी बसवली, पण काही महिन्यांत सुटली. आता सँडपेपरने घासून साफ करू, की या वेळी फेव्हिकॉल जरा जास्त घालू?

उत्तर: दोन्ही नको. आधी जास्त फेव्हिकॉल का चालत नाही ते पाहू, म्हणजे पुढची खटपट कशासाठी आहे ते कळेल.

फेव्हिकॉलसारखा पांढरा ग्लू म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण पाण्यात मिसळलेले. ताज्या लाकडाला तो लावला की लाकूड त्यातलं पाणी ओढून घेतं, कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा सलग पडदा तयार होतो. हा पडदा लाकडाच्या छिद्रांत शिरलेला असतो म्हणून धरून राहतो. तुमच्या टेनॉनवरची छिद्रं जुन्या पडद्याने आधीच बुजवलेली आहेत. नव्या ग्लूला शिरायला जागा नाही, आणि वाळलेल्या पांढऱ्या ग्लूवर ताजा पांढरा ग्लू नीट धरत नाही. तुम्ही दोन्ही वेळा लाकूड लाकडाला चिकटवलंच नाही. जुन्या थरावर नवा थर चढवलात. बाटलीभर ओतला तरी तेच होईल.

आता सँडपेपर. सांध्याच्या आत मी तो जवळजवळ कधीच वापरत नाही. घासताना ग्लू गरम होऊन मऊ पडतो आणि कागदात भरतो. मग कागद ग्लूऐवजी शेजारचं उघडं लाकूड खायला लागतो. शिवाय हाताने घासताना कडांवर दाब जास्त पडतो, त्यामुळे टेनॉनच्या सपाट बाजू फुगीर होतात आणि टोक निमुळतं होतं. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर गेलं तरी सांध्यात अर्धा मिलिमीटर फट पडली. पांढरा ग्लू पातळ थरात, दाबून बसवलेल्या सांध्यातच ताकद देतो. फट भरून काढणं त्याला जमत नाही.

हा थर पांढऱ्या ग्लूचाच आहे ना, एवढी खात्री आधी करून घ्या. गरम पाण्यात बुडवलेला बोळा थरावर पाच-दहा मिनिटं ठेवा. थर दुधाळ होऊन रबरासारखा दबायला लागला तर पांढरा ग्लू. तपकिरी होता आणि बोटाला चिकचिकीत लागला तर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून केलेला ग्लू. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे. काहीच फरक पडला नाही, काचेसारखा कडक राहिला, तर इपॉक्सी किंवा युरियाच्या जातीचा ग्लू असू शकतो. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पांढऱ्या ग्लूला तीन गोष्टी सहन होत नाहीत: उष्णता, पाणी आणि आम्ल. पांढरं व्हिनेगर, ज्यात साधारण पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं, ते हाताला सोसेल इतपत गरम करा. त्यात सुती कापडाची पट्टी भिजवा, पिळा आणि टेनॉनभोवती गुंडाळा. वरून प्लास्टिक लपेटा, म्हणजे ओल टिकेल. अर्ध्या तासाने उघडून पाहा. थर अजून टणक असेल तर पट्टी पुन्हा गरम करून बांधा. जाड थराला दोन-तीन तासही लागतात. इथे घाई करू नका. जितका मऊ होऊ द्याल तितकं खरवडणं कमी पडेल.

एक काळजी घ्या. व्हिनेगर असताना लोखंडाचा काथ्या किंवा गंजकं हत्यार लाकडाजवळ आणू नका. आम्लात लोखंड विरघळतं आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून निळसर काळा डाग पडतो. ओक, अक्रोड अशा टॅनिन भरपूर असलेल्या लाकडांत तो लगेच दिसतो आणि खोलवर जातो. घासायला पितळी तारेचा ब्रश किंवा जुना टूथब्रश घ्या.

मऊ झालेला थर मी पटाशीनेच काढते, पण कापून नाही. पटाशी जवळजवळ उभी धरायची, पातं लाकडाच्या पृष्ठभागाशी काटकोनात ठेवायचं, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने आपल्याकडे ओढायचं. अशी ओढली की ती लाकडात घुसत नाही, वरचा थर तेवढा गोळा करते. धार चांगली हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तंतू उचकटतात. या कामासाठी मी एक जुनी रुंद पटाशी वेगळीच ठेवली आहे, कारण वाळक्या ग्लूवर धार लवकर जाते आणि दर थोड्या वेळाने निसण्यावर फिरवावी लागते. पट्टीचे खांदे, म्हणजे टेनॉनच्या मुळाशी पायाला टेकणारा भाग, तिथे पटाशी लावूच नका. तिथला ग्लू ब्रश आणि गरम पाण्यानेच काढा. सांधा बाहेरून घट्ट दिसतो तो खांद्यांमुळे. खांद्याची कड एकदा मोडली की ती जागा कायम उघडी दिसते.

खोबणीच्या आतल्या सगळ्या भिंती सारख्या महत्त्वाच्या नसतात. ज्या दोन रुंद भिंतींत लाकडाच्या रेषा लांबीने धावतात, त्या सांधा धरतात. वरच्या आणि खालच्या अरुंद भिंतींवर रेषांची टोकं उघडी असतात, तिथे ग्लूची पकड कमीच असते. म्हणून तुमचा सगळा वेळ रुंद भिंतींना द्या. सिरिंजने गरम व्हिनेगर आत सोडा, पाय आडवा ठेवून खोबण भरलेली राहील असं पाहा, मग खोबणीच्या रुंदीपेक्षा किंचित कमी रुंदीच्या पटाशीने भिंतीला लागून सरळ खाली-वर खरवडा. बांबूची चपटी काडी टोकाला तासून घेतली तर तीही छान चालते आणि तिने भिंत ओरखडत नाही.

खोबणीचा तळ विसरू नका. पुष्कळ वेळा आधीच्या दुरुस्तीतला ग्लू तळाशी साचून खडा झालेला असतो. टेनॉन त्याला टेकतो आणि खांदा पायाला भिडतच नाही. मग माणूस क्लॅम्प आवळत जातो आणि पाय तडकतो. टेनॉनचं टोक आणि खोबणीचा तळ यांत दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी.

सगळं काढून झालं की स्वच्छ पाण्याच्या फडक्याने व्हिनेगर पुसा आणि दोन्ही भाग सावलीत किमान दोन दिवस वाळू द्या. ओला टेनॉन फुगलेला असतो. तो तसाच बसवला तर घट्ट वाटेल आणि वाळल्यावर सैल होईल. वाळल्यानंतर टेनॉनवर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो पसरून मुरला तर लाकूड उघडं झालं आहे. गोळी होऊन बसून राहिला तर तिथे ग्लू आहे. मात्र साग असेल तर ही खूण फसवते, कारण सागाच्या लाकडात तेलच असतं आणि त्यावर थेंब तसाही लवकर मुरत नाही. अशा वेळी त्याच पट्टीच्या आतल्या, पॉलिश न लागलेल्या जागी दुसरा थेंब ठेवून दोन्हींची तुलना करा.

आता टेनॉन कोरडाच बसवून पाहा. हाताच्या दाबाने किंवा मोगरीच्या हलक्या ठोक्याने आत जायला हवा आणि उलटा धरला तर स्वतःच्या वजनाने गळून पडता कामा नये. गळून पडत असेल, आणि दोन वेळा सुटून हललेल्या सांध्यात ते होतंच, तर त्याच जातीच्या लाकडाचा पातळ पापुद्रा टेनॉनच्या दोन्ही रुंद बाजूंना चिकटवा. पापुद्र्याच्या रेषा टेनॉनच्याच दिशेने हव्यात. तो पक्का झाला की रंध्याने किंवा पटाशीने हलके-हलके तासून खोबणीच्या मापावर आणा. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट भरायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. तो ऐकू नका. असला लगदा बाहेरच्या बारीक फटीत दिसायला बरा, पण वजन घेणाऱ्या सांध्यात तो धरत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत काढायला सगळ्यात त्रासदायक ठरतो.

प्रश्न: आजोबांच्या लिहायच्या टेबलाचे सांधे हलतात. एक सांधा उघडला तर आत तपकिरी, काचेसारखा ग्लू दिसला, काही ठिकाणी त्याची भुकटी झाली आहे. सुतार म्हणाले, सगळा खरवडून नवीन लावू. तसं करू का?

उत्तर: थांबा, सगळा खरवडू देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलं आहे तो सरस आहे, जनावरांच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून केलेला. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा शोध 1912 साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी लावला. त्याआधी कित्येक शतकं लाकूडकामात सरसच होता. गरम पाण्याने तो पुन्हा मऊ होतो, आणि नवा गरम सरस जुन्या सरसात मिसळून एकजीव होतो. पांढऱ्या ग्लूत हे होत नाही. म्हणूनच व्हायोलिन दुरुस्त करणारे आजही सरसच वापरतात. वाद्य पुन्हा कधीतरी उघडावं लागणार हे त्यांनी धरलेलंच असतं.

तुमच्या टेबलाला पुन्हा सरसच लावणार असाल तर काम सोपं आहे. भुकटी झालेला, सुटलेला, धूळ-मेणाने मळलेला भाग काढा. साधारण साठ अंश सेल्सियसचं पाणी घ्या, टूथब्रशने थोड्या-थोड्या जागेवर चोळा आणि लगेच फडक्याने टिपा. लाकूड भिजत ठेवायचं नाही. घट्ट बसलेला, पारदर्शक, स्वच्छ थर तसाच राहू द्या. नवा सरस गरम लावला की खालचा जागा होतो. सरस तापवताना पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवा आणि साठ अंशांच्या आसपासच ठेवा. उकळला तर त्याची ताकद जाते.

सुतारांना फेव्हिकॉलच लावायचा असेल तर मात्र सरसाचा कणही आत राहता कामा नये, कारण तो छिद्रं अडवून बसलेला असतो. मग सगळे सांधे धुवावे लागतील. माझं मत विचाराल तर या टेबलाला सरसच द्या. जी वस्तू पुढच्या पिढीकडे जायची आहे ती त्या पिढीला उघडता आली पाहिजे.

उरलेले सांधे अजून पक्के असतील तर त्यांना उगाच उघडू नका. एखादा उघडायचाच असेल तर सिरिंजने स्पिरिटचे थेंब सांध्याच्या रेघेवर सोडा. स्पिरिट सरसातला ओलावा खेचून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून मोगरीने टिचकी मारली की सांधा कट्कन सुटतो. पण तुमच्या टेबलाला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश असण्याची दाट शक्यता आहे आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून थेंब नेमका रेघेवरच पडू द्या, ओघळला तर तत्काळ टिपा, आणि आधी टेबलाच्या खालच्या बाजूला कुठेतरी करून पाहा.

प्रश्न: नवीन पेटी केली, कोपरे डव्हटेलचे, म्हणजे शेपटीसारखे दात एकमेकांत अडकणारे, आहेत. पॉलिशआधी सगळं स्वच्छ वाटत होतं, पण रंग चढवल्यावर सांध्यांजवळ फिकट ठिपके दिसले. बाहेर आलेला ग्लू मी तेव्हाच ओल्या फडक्याने पुसला होता. मग हे कुठून आलं?

उत्तर: त्या ओल्या फडक्यातूनच. पाण्याने ग्लू पातळ झाला आणि फडक्यासोबत सांध्यापासून चार बोटं दूरपर्यंत छिद्रांत भरला गेला. वाळल्यावर तो पारदर्शक होतो म्हणून दिसत नाही. रंग मात्र तिथे लाकडापर्यंत पोचू शकत नाही. मी ओलं फडकं फक्त अशाच ठिकाणी वापरते जिथे पॉलिश लागणार नाही.

तुमच्या पेटीसाठी आता असं करा. रंग लाकडातच मुरणारा असेल आणि वरून लॅकर चढवलं नसेल, तर पोलादी पत्र्याच्या स्क्रेपरने ठिपके खरवडा. स्क्रेपर अंगठ्यांनी मधोमध किंचित वाकवायचा आणि पुढे ढकलायचा. बारीक लोकरीसारखी साल निघाली तर धार बरोबर आहे. नुसती धूळ पडत असेल तर धार पुन्हा वळवून घ्या. स्क्रेपर इथे सँडपेपरपेक्षा बरा ठरतो, कारण तो मऊ पडलेला ग्लू पुन्हा छिद्रांत न दाबता उचलून घेतो. डव्हटेलच्या उघड्या टोकांवर मात्र ग्लू खोल शिरतो, तिथे थोडा धीर धरावा लागेल.

ठिपके गेले की फक्त तेवढ्याच जागेवर रंग लावू नका. ज्या फळीवर डाग होते ती फळी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकाच नंबरच्या कागदाने, समजा 180, हलक्या हाताने फिरवून घ्या. खरवडलेला भाग गुळगुळीत आणि बाकीचा खरखरीत असेल तर दोघं रंग वेगवेगळा पितात आणि डागाच्या जागी दुसरा डाग उमटतो. इथे सँडपेपर चालतो, कारण हा बाहेरचा पृष्ठभाग आहे, मापाचा नाही.

रंगाआधी ग्लू शोधायचा असेल तर टर्पेंटाइनने किंवा रंग पातळ करायच्या तशाच पेट्रोलियमच्या द्रवाने पृष्ठभाग ओला करा आणि बाजूने तिरका उजेड टाका. लाकूड गडद होतं, ग्लूची जागा फिकट राहते. पाण्यानेही दिसतं, पण पाण्याने तंतू उभे राहतात. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात फिरवून पाहा. अनेक ग्लू त्या उजेडात चमकतात आणि बोटांचे ठसेसुद्धा सापडतात. अशा द्रवाने ओलं केलेलं फडकं मात्र नंतर बोळा करून टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

पुढच्या पेटीच्या वेळी सांधा कोरडा जोडून, रेघेच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा. मग उघडून ग्लू लावा, जोडा, आवळा. जो ग्लू बाहेर येईल तो टेपवर येईल. आतल्या कोपऱ्यात टेप जमत नसेल तर बाहेर आलेला ग्लू जिलेटिनसारखा घट्ट होईपर्यंत थांबा. हवेनुसार अर्धा तास, कधी तासभर. वरची साय सुकलेली, आतून लवचीक, अशा अवस्थेत तो पटाशीच्या टोकाने पट्टीसारखा सोलून निघतो. रात्रभर सोडलात तर तो कडक मणी होतो, आणि मणी उडवताना खालचे तंतूही उपटून येतात. अशा मण्यांवर रंधा तर कधीच फिरवू नका, पात्याला खाचा पडतात.

याहून चांगली सवय म्हणजे आतल्या बाजूंना जोडण्याआधीच पॉलिशचा एक हात देणं, सांध्याचा भाग तेवढा टेपने झाकून. पॉलिशवर सांडलेला ग्लू नखाने निघतो.

प्रश्न: काल ड्रॉवर चिकटवला. आज क्लॅम्प काढला तर काटकोनात नाही, एका बाजूने जवळजवळ चार मिलिमीटर सरकलाय. पांढरा ग्लू आहे. सोडवता येईल का?

उत्तर: येईल, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. पांढरा ग्लू एका दिवसात वापरण्यापुरता घट्ट होतो, तरी आतली ओल जायला अजून वेळ असतो.

आधी सांध्यात बारीक खिळे किंवा पिना मारल्यात का ते आठवा, नसेल आठवत तर चुंबक फिरवा. एक जरी राहिली तरी सगळी खटपट फळी फुटण्यात संपेल.

आता हॉट एअर गन किंवा हेअर ड्रायर घ्या. गन असेल तर दहा-पंधरा सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवा. लाकूड उष्णतेचं फार मंद वाहक आहे. बाहेरची बाजू करपायच्या बेतात असते तेव्हाही आतली ग्लूची रेघ कोमटच असू शकते. म्हणून कमी उष्णता, जास्त वेळ. सांध्याच्या आत सत्तर-ऐंशी अंश पोचले की ग्लू रबरासारखा होतो. मधूनमधून सिरिंजने गरम व्हिनेगर रेघेवर सोडलंत तर काम लवकर होतं.

उघडायला हातोडी नको. उलटा दाब देणारा क्लॅम्प, ज्याचे जबडे बाहेरच्या बाजूला ढकलतात, तो ड्रॉवरच्या आत लावा आणि थोडा-थोडा ताण द्या. ताण देऊन पाच मिनिटं थांबा, पुन्हा गरम करा, पुन्हा पाव फेरा आवळा. मऊ ग्लू सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, एकदम झटका दिला तर मात्र तो धरून ठेवतो आणि लाकूड आधी फाटतं. डव्हटेल असेल तर तो ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने परत येईल, आडवं ओढून तो फक्त तुटेल.

टेनॉनचा सांधा असता तर मी न दिसणाऱ्या बाजूने खोबणीच्या तळापर्यंत दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून वाफ सोडायला सांगितलं असतं. उघड्या सांध्याच्या ड्रॉवरला त्याची गरज नाही.

बाटलीवर पाणीरोधक, डी-3 किंवा डी-4 असं लिहिलं आहे का पाहा. युरोपच्या वर्गवारीत हे पाण्याला जास्त टिकणारे ग्लू. त्यांना पाणी आणि व्हिनेगर फारसं लागू पडत नाही, भिस्त उष्णतेवरच ठेवावी लागते आणि वेळही जास्त लागतो.

सुटल्यावर वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, वाळवा. पुन्हा जोडताना क्लॅम्प आवळल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे तर काटकोन बरोबर. नसतील तर पहिली पाच मिनिटं ड्रॉवर हाताने सरकवता येतो.

प्रश्न: अ‍ॅसिटोनने कुठलाही ग्लू निघतो असं ऐकलं आहे. खरं का?

उत्तर: नाही. झटपट चिकटणारा सुपरग्लू अ‍ॅसिटोनने विरघळतो, पांढरा ग्लू फुगून मऊ होतो. सरसावर त्याचा काही उपयोग नाही. वाळलेल्या फेसाळ पॉलियुरेथेनवरही नाही. तो ओला असेपर्यंतच पुसला जातो. लॅकर आणि बरीच पॉलिशं मात्र अ‍ॅसिटोन क्षणात खराब करतो. सनमायकाच्या पत्र्याखालचा रबरी कॉन्टॅक्ट ग्लू असेल तर उष्णता आणि थिनर, मग बोटाने चोळून त्याच्या गोळ्या करून काढायचा.

अ‍ॅसिटोन 56 अंशांना उकळतो आणि त्याची वाफ थंड हवेतही पेट घेते. त्यामुळे अ‍ॅसिटोन आणि हॉट एअर गन एकाच दिवशी एकाच टेबलावर ठेवू नका. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आजूबाजूला ठिणगी नाही.

प्रश्न: टेनॉनवर दोन भाग मिसळून केलेला इपॉक्सी आहे. व्हिनेगर, गरम पाणी, काहीच लागू पडत नाही.

उत्तर: पडणारही नाही. इपॉक्सी, युरिया फॉर्माल्डिहाइड आणि फेसाळ पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की त्यांचे रेणू जाळ्यासारखे बांधले जातात, पुन्हा विरघळत नाहीत. घरगुती इपॉक्सी बऱ्याचदा हॉट एअर गनखाली चामड्यासारखा मऊ होतो, आणि गरम असतानाच तो पटाशीने सोलता येतो. गार झाला की थांबा, पुन्हा तापवा. रंग काढायची जहाल रसायनं यासाठी घरात वापरू नका, बंद खोलीत त्यांच्या वाफेने जीव गेलेले आहेत. युरियाच्या ग्लूला तापवूही नका, त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतो. तो ठिसूळ असतो, टोकदार पटाशीने त्याचे कपचे उडतात. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच.

थर लाकडात इतका मुरला असेल की काढताना टेनॉनच बारीक होतोय, तर मी तिथे हात थांबवते. टेनॉन खांद्यापाशी बारीक दातांच्या करवतीने सपाट कापा आणि पट्टीच्या टोकातही तशीच खोबण पाडा. दोन्ही खोबणींत बसेल असा टणक लाकडाचा सुटा टेनॉन तयार करा, रेषा लांबीने धावणारा. पायातली खोबण एखाद्या मिलिमीटरने रुंद करून ताजं लाकूड उघडं करता येतं, कारण नवा टेनॉन तुम्ही तिच्याच मापाने करणार आहात. तो आधी कोरडा बसवा, खांदा पायाला सगळीकडून टेकतो का ते उजेडासमोर धरून पाहा, आणि टेकला की मग ग्लूची बाटली उघडा.